याले कापूस किती लागन?

गेले तीन वीकएंड काहीच लिहिलं नाही. रिलीज होतं, मग रिलीजमधले बग होते, मग ते बग सोडवताना झालेले नवे बग होते. असो. आज मात्र ठरवून बसलोय. एक हिशेब २०२५ च्या दिवाळीपासून डोक्यात फिरतोय आणि तो एक्सेलमध्ये काही केल्या बसत नाहीये.

हो, एक्सेलमध्ये. फोन घ्यायचा म्हटला की मी आधी एक्सेल उघडतो. भारतातली किंमत, अमेरिकेतली किंमत, डॉलरचा भाव, आयात शुल्क, जीएसटी, बँकेची सूट, जुन्या फोनचे एक्सचेंजचे पैसे, ईएमआय... सगळे रकाने तयार. ऑफिसात मला 'कस्टमवाले साहेब' म्हणतात. कोणाला फोन घ्यायचा असला की आधी माझ्या डेस्कपाशी येऊन "आता घेऊ की थांबू?" असं विचारतात. मी नेहमी "थांब" म्हणतो. स्वतःलाही तेच सांगतो, म्हणून गेली दोन वर्षं माझा स्वतःचा फोन घ्यायचा राहिलाय :)

माझा थांबण्यावर विश्वास बसला तो जुलै २०२४ मध्ये. त्या महिन्याच्या २३ तारखेच्या बजेटमध्ये अर्थमंत्र्यांनी मोबाईल फोनवरचं मूळ सीमाशुल्क २० टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आणलं. मी ऑफिसात मीटिंग म्यूट करून भाषण ऐकत होतो. त्याच आठवड्यात अ‍ॅपलने किमती उतरवल्या. आयफोन १५ प्रो १,३४,९०० वरून १,२९,८०० वर आला, म्हणजे ५,१०० रुपयांनी उतरला. साधा आयफोन १५ मात्र ७९,९०० वरून ७९,६०० वर आला. फक्त ३०० रुपये!

ऑफिसात सगळ्यांनी या तीनशे रुपयांची टिंगल केली. पण मला त्यातच खरी गंमत दिसली. प्रो तेव्हा बाहेरून तयार होऊन येत होता आणि साधा १५ भारतात जुळवला जात होता. शुल्क तयार फोनवर होतं, त्यामुळे ते उतरल्याचा फायदा बाहेरून येणाऱ्या फोनला झाला. एकच बजेट, एकच कंपनी, एकच दुकान. पण एका खोक्यावर ५,१०० आणि शेजारच्या खोक्यावर ३००. शुल्क किमतीत कसं मुरतं ते याहून स्वच्छ कुठे बघायला मिळणार?

ज्यांना आकड्यांचा कंटाळा आहे त्यांनी पुढचा परिच्छेद गाळला तरी चालेल. (पण गाळू नका.)

समजा बंदरावर उतरलेल्या फोनची किंमत १०,००० रुपये आहे. २० टक्के शुल्काचे २,००० झाले. त्या शुल्कावर १० टक्के समाज कल्याण अधिभार, म्हणजे २००. झाले १२,२००. आता या सगळ्यावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे करावर कर. एकूण १४,३९६. शुल्क १५ टक्के धरलं तर हाच आकडा १३,७४७ होतो. फरक ६४९ रुपये, साधारण साडेचार टक्के. प्रोची कपात पावणेचार टक्क्यांच्या आसपास होती. म्हणजे कंपनीने वाचलेल्या पैशांतला बराच भाग गिऱ्हाईकाला दिला आणि थोडा ठेवला. आणि शुल्क अजिबातच नसतं तर? ११,८००.

हे शुल्क मुळात कायम नव्हतंच. १९९० च्या दशकात जागतिक व्यापार संघटनेत माहिती तंत्रज्ञानाच्या वस्तूंचा जो करार झाला, त्यात भारत सामील झाला होता. जुलै २०१७ पर्यंत मोबाईलवर मूळ सीमाशुल्क शून्य होतं. मग १ जुलै २०१७ ला, जीएसटी आला त्याच दिवशी, ते १० टक्के झालं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये १५ आणि फेब्रुवारी २०१८ च्या बजेटमध्ये २०. सात महिन्यांत शून्यावरून वीस! एप्रिल २०२३ मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या पॅनेलने युरोप, जपान आणि तैवानच्या तक्रारींवर निकाल देताना म्हटलं, की हे कराराला धरून नाही. तोवर इकडे कारखाने उभे राहिले होते. सॅमसंगचा नोएडाचा, फॉक्सकॉनचा श्रीपेरंबुदूरचा, टाटांचा होसूरचा. २०१४-१५ मध्ये भारतात विकल्या जाणाऱ्या फोनपैकी जेमतेम पाव हिस्सा इथे बनत होता. आता सरकारच्या आकड्यांप्रमाणे ९९ टक्क्यांहून जास्त इथेच बनतात. २०२४-२५ मध्ये तर २ लाख कोटी रुपयांहून जास्त किमतीचे स्मार्टफोन आपण बाहेर विकले.

भिंत बांधली आणि आत घर उभं राहिलं. मी हे उदाहरण ऑफिसात फार मिरवलंय.

मधल्या काळात आमच्या टीममधल्या एकाने २०२३ मध्ये ऑनसाईटहून फोन आणला होता. तेव्हाच्या नियमात ५० हजारांपर्यंतचं सामान माफ होतं आणि वरच्या रकमेवर साडेअडतीस टक्के. ८३ हजारांच्या फोनवर जवळजवळ पावणेतेरा हजार भरायचे. बिचारा पूर्ण विमानप्रवासात झोपला नाही. इकडे आल्यावर लक्षात आलं की अमेरिकन मॉडेलला सिमकार्डाची जागाच नाही, फक्त ई-सिम. त्याचं जुनं सिम, बँकेचे ओटीपी, सगळंच दोन दिवस लटकलं. त्या दोन दिवसांची किंमत माझ्या एक्सेलमध्ये कुठल्याच रकान्यात नव्हती.

सप्टेंबर २०२४ मध्ये प्रो मॉडेलची जुळणीही भारतात सुरू झाली. १६ प्रो आला १,१९,९०० ला. मी लगेच हिशेब केला. अमेरिकेत ९९९ डॉलर. ८४ रुपयांनी ८४ हजार. १८ टक्के जीएसटी लावला तर ९९ हजार. मग वरचे वीस हजार कशाचे? फोन आत बनायला लागला तरी भिंत तशीच उभी आहे ना! बाहेरचा फोन जितक्याला पडतो, त्याच्या आसपास आतल्या फोनची किंमत ठेवता येते. त्यात रुपया घसरला तर, विक्रेत्याचं कमिशन, बाहेरून येणारे सुटे भाग वगैरे वगैरे असतंच. पण भिंत किमतीला जरा वर धरून ठेवते, हे खरं.

थोडक्यात, दिवाळीला घरी निघालो तेव्हा मला वाटत होतं की आयात शुल्क या विषयात मला कोणी काही शिकवू शकत नाही.

*

आमचं गाव कौंडण्यपूर. अमरावती जिल्हा, तिवसा तालुका, वर्धा नदीच्या काठावर. पुण्यात सांगितलं तर कोणाला माहीत नसतं, पण "रुक्मिणीचं माहेर" म्हटलं की लगेच ओळख पटते. आषाढीला इथून रुक्मिणीची पालखी पंढरपूरला जाते. चारशेहून अधिक वर्षांची परंपरा सांगतात. नदीपलीकडे आर्वी तालुका, वर्धा जिल्हा. अलीकडे-पलीकडे दोन्हीकडे काळी माती आणि पऱ्हाटी. आमची पाच एकर आहे, त्यात पऱ्हाटी आणि मधून तुरीच्या ओळी.

२०२५ चा पावसाळा वाईट गेला. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये नुसती झड. खालची बोंडं सडली, वेचणी लांबली. मी पोचलो तेव्हा पहिल्या वेचाईचा कापूस घरातल्या पुढच्या खोलीत पसरलेला होता, थोडा ओलसर. लहानपणी आम्ही त्या ढिगात उड्या मारायचो आणि शिव्या खायचो. या वेळी सवयीनं उडी मारावीशी वाटली. मारली नाही.

बाबा खाटेवर बसून फोनशी झटत होते.

"काय करताय?"

"हे कापसाचं अ‍ॅप. बसतच नाही याच्यात."

त्या हंगामात नवीन नियम होता. सीसीआयला, म्हणजे कापूस महामंडळाला, हमीभावाने कापूस विकायचा तर 'कपास किसान' नावाच्या अ‍ॅपवर नोंदणी करायची. आधार, सातबारा, पेरा, फोटो सगळं चढवायचं आणि मग स्लॉट घ्यायचा. सप्टेंबरपासून नोंदणी सुरू झाली होती. त्याआधी सातबाऱ्यावर कापूस लागायला ई-पीक पाहणी करायची, तीही फोनवरूनच.

बाबांचा फोन २०१९ चा. मीच पहिल्या पगारातून दिलेला. काच तीन ठिकाणी तडकलेली, मेमरी शुभ सकाळच्या गुलाबांनी भरलेली. मी दोन तास घालवले. गुलाब उडवले, कॅशे साफ केली, रीसेट मारलं. अ‍ॅप कसंबसं बसलं, पण फोटो चढवताना फोन बंद पडायचा. ओटीपी यायचा, तोवर अ‍ॅपनं बाहेर काढलेलं असायचं. माझा फोन देऊन पाहिला असता, पण मी चार दिवसांनी पुण्याला जाणार. पुढे स्लॉट कोण घेणार? शेजारचा पोट्टा नोंदणी करून देतो म्हणे, पण प्रत्येक वेळी त्याच्या मागे कुठे हिंडायचं?

"बाबा, नवा फोन घेऊ."

"कायले? बोलता येते ना याच्यावर."

"पण कापूस विकता येत नाही ना."

यावर बाबा गप्प बसले. बरोबर मुद्द्यावर आम्ही दोघंही कमी वेळा भेटतो.

*

दुसऱ्या दिवशी अमरावतीला गेलो. दिवाळीची गर्दी, दुकानात पाय ठेवायला जागा नाही. दुकानातला मुलगा हुशार होता. त्याने बाबांना बघितलं, मला बघितलं आणि थेट माझ्यासमोर वीस हजारांचा फोन ठेवला.

"भाऊ, कॅमेरा पाहा."

"कॅमेरा नको, याच्यात कपास किसान चाललं पाहिजे," मी म्हटलं.

"मंग हा घ्या," म्हणून त्यानं १२,४९९ चा काढला. हे वाक्य तो सकाळपासून बऱ्याच वेळा ऐकत असणार, कारण त्याला काहीच विचारावं लागलं नाही.

मी हिशेब सुरू केला, सवयच ती. बाबांना म्हटलं, हा फोन भारतातच जुळवलेला आहे, त्यामुळे यावर ते १५ टक्क्यांचं शुल्क थेट लागत नाही. लागतो तो जीएसटी, १८ टक्के. १२,४९९ मध्ये १,९०७ रुपये जीएसटीचे. मार्च २०२० पर्यंत हाच दर १२ टक्के होता, त्या दराने हा फोन ११,८६३ ला पडला असता. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर उतरले, मोठे टीव्ही २८ चे १८ झाले, ट्रॅक्टर १२ चे ५ झाले, पण मोबाईल जिथल्या तिथे. म्हणजे आता थांबून काही फायदा...

बाबांनी फोन हातात घेतला, उलटा केला, वजन केल्यासारखा खालीवर केला आणि विचारलं,

"मले एक सांग. याले कापूस किती लागन?"

मी थांबलो. हा रकाना माझ्याकडे नव्हता.

लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव त्या हंगामात ८,११० रुपये क्विंटल होता. त्या हिशेबाने दीड क्विंटलच्या जरा वर. पण तो भाव मिळायला अ‍ॅप लागणार आणि अ‍ॅपला फोन. गावात येणारा खेडा खरेदीवाला साडेसहा हजार म्हणत होता. त्या भावाने दोन क्विंटल.

"दोन क्विंटल," मी म्हटलं.

"गेल्या साली दीडच लागला असता." बाबा पुटपुटले. मग दुकानाच्या बाहेर पडता पडता त्यांनी तो प्रश्न विचारला, ज्याच्यासाठी मी आज हे सगळं लिहितोय.

"तू म्हनते, बाहेरून फोन आला त सरकार त्याच्यावर टॅक्स लावते. आपल्या कारखान्यायले तरास नको म्हणून. बरोबर?"

"बरोबर."

"मंग बाहेरून कापूस आला त तो माफ काऊन केला?"

*

बाबांना हे ठाऊक असणं साहजिक होतं. त्या दिवाळीत गावात पारावर दुसरा विषय नव्हता. फेब्रुवारी २०२१ च्या बजेटपासून बाहेरच्या कापसावर सगळं मिळून ११ टक्के शुल्क होतं. १९ ऑगस्ट २०२५ पासून ते शून्य केलं. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत वाढवलं. म्हणजे नेमकं वऱ्हाडातला कापूस घरात येतो ते महिने.

कारण मला माहीत होतं. बसमध्ये मी बाबांना ते समजावून सांगितलं, माझ्या मते सोप्या भाषेत. ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस अमेरिकेने भारतातल्या बऱ्याच मालावर एकूण ५० टक्के शुल्क लावलं. आपले कपडे तिथे एकदम महाग झाले. तिरुपूरसारख्या ठिकाणी ऑर्डरी थांबल्या. गिरण्या म्हणाल्या, निदान कच्चा माल तरी स्वस्त मिळू द्या, बाहेरचा कापूस शुल्काशिवाय आणू द्या. सरकारने दिला. गिरणीतला कामगारही आपलाच माणूस आहे, त्याच्या घरीही दिवाळी असते. एका अर्थाने बरोबर होतं.

आणि गंमत बघा, त्या ५० टक्क्यांतून स्मार्टफोन वगळले होते. एप्रिल २०२५ मध्येच अमेरिकेने फोन आणि कॉम्प्युटर बाजूला काढले होते, कारण फोन महागले तर ते तिथल्याच गिऱ्हाइकाच्या खिशातून जाणार. म्हणजे श्रीपेरंबुदूरचा फोन सुखरूप अमेरिकेत उतरला आणि तिरुपूरचा शर्ट अडकला. शर्ट अडकला म्हणून गिरणीने हात पसरले, गिरणीसाठी कापसाची भिंत पाडली आणि ती पडली आमच्या पुढच्या खोलीतल्या ढिगावर.

हे सांगताना मला माझं स्पष्टीकरण खूप आवडलं होतं. अगदी फ्लोचार्ट काढावा असं. सर्व बाण बरोबर जागी जात होते.

बाबांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हंजे फोनवाल्यायचा माल बाहेर चालला तरी त्यायची भिंत कायम. अन् आमचा पडला तरी आमचीच भिंत पाडाची."

मी म्हटलं, "तसं नाही, बाबा..." आणि पुढचं वाक्य सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही. तुम्हाला सुचलं तर सांगा.

वऱ्हाडला हे अगदीच नवीन नाही म्हणा. १८६० च्या दशकात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस मँचेस्टरला जायचा थांबला आणि इथला कापूस सोन्याच्या भावाने गेला. युद्ध संपलं, भाव पडला. १८९६ मध्ये इंग्रज सरकारने बाहेरून येणाऱ्या कापडावर साडेतीन टक्के शुल्क लावलं, तेव्हा मँचेस्टरचा रुसवा काढायला देशी गिरण्यांच्या कापडावरही तितकाच कर बसवला. तो थेट १९२६ मध्ये गेला. अमेरिकेत काही झालं की आमच्या भागात भाव हलतो, हे माझ्या पणजोबांनाही माहीत असणार. त्यांच्याकडे फक्त एक्सेल नव्हतं.

*

फोनचे पैसे मी देणार होतो, हे मी गृहीतच धरलं होतं. कार्डावर दहा टक्के सूटही होती. घरी जेवताना विषय काढला तर बाबा नाही म्हणाले.

"तुह्या पैशानं घेतला त तो तुहा फोन झाला. कापूस विकाचा खर्च कापसातूनच निंघाले पाह्यजे. नाहीतर कास्तकारी करतो कायले मी?"

आई म्हणाली, "दोघंबी सारखेच. एक हिशेब मांडते, एक हिशेब धरून बसते. भाजी थंडी होऊन राह्यली."

मी चिडलो. म्हटलं, अहो बारा हजारांचा प्रश्न आहे, एवढं काय त्यात? बोलून गेलो आणि लगेच वाटलं, हे बोलायला नको होतं. बाबा काही म्हणाले नाहीत. पोळीचा तुकडा मोडत सहज विचारल्यासारखं विचारलं, "अन् तू जो घेनार हायेस, त्याले किती लागन?"

मनातल्या मनात मी भागाकार केला. १,१९,९०० भागिले ६,५००. साडेअठरा क्विंटलच्या जवळपास. त्या वर्षी पाच एकरांत सगळं मिळून पंचवीस क्विंटल निघाला तरी खूप, असं आईच सकाळी म्हणाली होती.

"अजून ठरलं नाही," मी म्हटलं. तो आकडा सांगितला नाही.

तिसऱ्या दिवशी खेडा खरेदीवाला गाडी घेऊन आला. बाबांनी पुढच्या खोलीतला दोन क्विंटल कापूस मोजून दिला. साडेसहा हजारांप्रमाणे तेरा हजार रोख. त्याच दुपारी आम्ही परत अमरावतीला गेलो आणि तो १२,४९९ चा फोन घेतला. संध्याकाळी ओट्यावर बसून नोंदणी पूर्ण केली. पहिल्याच प्रयत्नात झाली. बाबांनी स्वतः फोटो चढवला.

रात्री ट्रॅव्हल्सच्या खिडकीशी बसून मी हिशेब केला. हमीभावाने त्या दोन क्विंटलचे १६,२२० झाले असते. मिळाले १३,०००. म्हणजे हमीभावाच्या रांगेत उभं राहायला आम्ही ३,२२० रुपये मोजले आणि वर फोनच्या बिलात १,९०७ रुपये जीएसटी भरला. माझ्या १६ प्रोच्या भिंतीबद्दल मी किती तावातावाने बोलायचो! शुल्क पाच टक्क्यांनी उतरलं तर साडेचार टक्के स्वस्त होईल, म्हणून दोन वर्षं थांबायचो. थांबता येणं हीसुद्धा एक सोय आहे, हे मला त्या खिडकीशी कळलं. ओलसर कापूस घरात ठेवून थांबता येत नाही. तो पिवळा पडतो, वजन घटतं, आणि घरात पोतं पडलं असलं तरी मजुरांची वेचाई रोख द्यावी लागते.

आपण शहरातले लोक शुल्काच्या बातम्या वाचून ठरवतो, या महिन्यात घ्यायचा की सेलमध्ये, प्रो की साधा. किंमत वाढली तर एक मॉडेल खाली उतरतो, ईएमआय सहा महिन्यांनी वाढवतो किंवा जुन्यालाच आणखी एक वर्ष ओढतो. गावात फोन घ्यायचा निर्णय फोनच्या किमतीवर ठरतच नाही म्हटलं तरी चालेल. तो ठरतो कापसाच्या भावावर. फोनचं शुल्क शून्य करून १२ हजारांच्या फोनचे चार-पाचशे रुपये उतरले असते की नाही, देव जाणे. कापसाचा भाव क्विंटलमागे हजार-दीड हजार खाली आला, त्याने मात्र तोच फोन पाव क्विंटलहून जास्त कापसाने महाग झाला. कुठल्याही बजेटच्या बातमीत तो महागलेला दिसला नाही.

*

बाकी घडामोडी थोडक्यात.

कार्तिकातल्या यात्रेत बाबांनी फोनला शंभर रुपयांचं कव्हर घेतलं. तेरा हजारांतून उरलेल्या पाचशे एक रुपयांतलं. त्यावर विठ्ठल-रखुमाईचं चित्र आहे. काच लावायला तो दोनशे म्हणत होता, दीडशेत पटवली, असं मला फोन करून मुद्दाम सांगितलं. (जुन्या फोनवरून.)

डिसेंबरमध्ये स्लॉट मिळाला. केंद्रावर ओलावा मोजतात. आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्यावर कपात, बाराच्या वर असला तर परत. आईने आठ दिवस कापूस गच्चीवर उन्हात उलटापालटा केला होता. बाबा सकाळी निघाले ते रात्री परतले. दहा टक्के निघाला. थोडं कापलं, पण घेतला. उरलेला सगळा नाही, जेवढा तेव्हा वाळला होता तेवढा. बाकीचा खेडा खरेदीत.

१ जानेवारी २०२६ पासून बाहेरच्या कापसावरचं ११ टक्के शुल्क परत लागू झालं. बातमी मीच बाबांना पाठवली. त्यांचं उत्तर आलं, "वाचलं. आता घरात कापूस नाही."

मी माझा फोन घेतला नाही. त्याग वगैरे काही नाही, उगाच गैरसमज नको. जुन्याची बॅटरी बदलून घेतली आणि तो पुन्हा दिवसभर चालायला लागला. दोन वर्षं शुल्क उतरायची वाट पाहत होतो आणि खरी अडचण बॅटरीची निघाली. ऑफिसात अजून लोक विचारतात, घेऊ की थांबू. मी अजूनही एक्सेल उघडतो. शेवटी एक रकाना वाढलाय, 'क्विंटल' नावाचा. तो काय आहे असं एकीने विचारलं, तेव्हा मी म्हटलं, "लांब गोष्ट आहे, शनिवारी लिहितो."

ता. क. : बाबांचा नवा फोन कपाटात असतो, सातबाऱ्याच्या फायलीजवळ, कव्हरसकट. स्लॉट, ई-पीक पाहणी, असं काही असलं की काढतात आणि काम झालं की परत ठेवतात. बोलायला तोच जुना, तीन ठिकाणी तडकलेला. परवा विचारलं, "वापरत का नाही?" तर म्हणाले, "दोन क्विंटलचा हाये बाप्पा, तुह्या पहिल्या पगाराचा आहे तो वापरतो ना मी."